धरणात पाणी किती ते रोज कळतं, पाणी कसं आहे ते कधी कळणार?

पोस्ट मोठी आहे. चहा घेऊन बसा आणि सवडीनं वाचा.

परवा आठवडी बाजारात सुकटवालीपुढं उभा होतो. शेजारी ओळखीचे एक गुरुजी. इकडच्या तिकडच्या गप्पा निघाल्या. मी सांगितलं, भावाची पोरगी एम.एस्सी.ला आहे, प्राणिशास्त्र घेतलंय आणि तिला रत्नागिरीकडं जाऊन समुद्रातल्या प्राणिप्लवकांवर प्रकल्प करायचाय. गुरुजी हसले. म्हणाले, "अहो, कळंबच्या पोरीला समुद्राचं काय करायचंय? इथं नळाला पाणी कधी येतंय त्याचा पत्ता नाही अन् ही समुद्रातले किडे मोजणार?"

मीपण हसलो. घरी येऊन पोरीला सांगितलं, तर ती माझ्या हातातल्या पिशवीकडं बोट दाखवून म्हणाली, "काका, तुम्ही आत्ता पावशेर प्राणिप्लवकच घेऊन आलात की."

मी पिशवीत बघितलं. सुकटच होती.

मंडळी, त्या दिवसापासून हा विषय डोक्यातून जाईना. थोडं वाचलं, थोडं पोरीकडून समजून घेतलं. आणि आता माझं मत पक्कं झालंय की समुद्रापासून चारशे किलोमीटरवर राहणाऱ्या आपल्याला ह्या विषयाशी देणंघेणं आहे. कसं ते सांगतो.

आधी प्लवक म्हणजे काय ते. पाण्यात जे जीव प्रवाहाच्या जोरावर वाहत राहतात, उलटं पोहून जाण्याइतकी ताकद ज्यांच्यात नाही, ते प्लवक. त्यातले उन्हावर अन्न तयार करणारे ते वनस्पतिप्लवक आणि त्यांना खाणारे ते प्राणिप्लवक. बहुतेक इतके बारीक की सूक्ष्मदर्शकाशिवाय दिसत नाहीत. पण काही डोळ्याला दिसतात, आणि त्यातलाच एक म्हणजे जवळा. हाच वाळवला की आपल्या बाजारात सुकट म्हणून येतो. कोकणातले कोळी त्याला डोळ नावाच्या जाळ्यात धरतात. हे जाळं मासळीच्या मागं ओढत न्यायचं नसतं. एका जागी रोवून तोंड प्रवाहाकडं करून ठेवायचं, भरती-ओहोटीचं पाणी जवळा आपोआप आत आणून टाकतं. जो पाण्याबरोबर वाहतो त्याला धरायला पाण्यालाच कामाला लावलंय. पिढ्यान्‌पिढ्यांचं शहाणपण आहे ते.

आता हा जवळा खातो काय? त्याच्याहून बारीक प्लवक. आणि जवळ्याला खातो बोंबील. म्हणजे बाजारात सुकटीच्या शेजारी जो वाळका बोंबील टांगलेला असतो, तो ह्याच सुकटीवर वाढलेला असतो. बांगडा घ्या, तोही ह्या बारीक जिवांवरच पोट भरतो. त्यांच्यात सगळ्यात जास्त संख्या असते ती कोपेपॉड नावाच्या जिवांची. तांदळाच्या कणीपेक्षाही लहान, पण समुद्रातला बहुतेक मासा लहानपणी तरी ह्यांच्यावर जगतो. ह्यांनी मान टाकली की वरची अख्खी साखळी उपाशी.

आणि ह्यांचे हंगाम असतात, आपल्या खरीप-रब्बीसारखेच. पावसाळ्यात कोकणातल्या नद्या गढूळ गोडं पाणी समुद्रात ओततात. खाडीतला खारटपणा उतरतो, ज्यांना तो सोसत नाही ते जीव बाहेर सरकतात आणि मोजक्याच जाती उरतात. पाऊस ओसरला, पाणी निवळलं, की नद्यांनी आणलेल्या खतावर वनस्पतिप्लवक फोफावतात आणि त्यांच्यामागून प्राणिप्लवकांच्या जाती पुन्हा वाढतात. हिवाळ्यात उत्तरेकडून गार कोरडे वारे सुटले की अरबी समुद्राच्या उत्तर भागात वरचं पाणी गार होऊन जड होतं, खाली बसतं, आणि खालचं सकस पाणी वर येतं. शेतकऱ्याच्या भाषेत सांगायचं तर समुद्राची नांगरट होते.

गंमत म्हणजे ह्या सगळ्या चढउतारांत खुल्या अरबी समुद्रातल्या प्राणिप्लवकांचं एकूण वजन वर्षभर फारसं हलत नाही, असं गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेतल्या शास्त्रज्ञांना दिसलं. चारा कमी-जास्त होतो पण गोठ्यातली जनावरं तेवढीच, असला प्रकार. ह्याला 'अरबी समुद्राचं कोडं' असं नावच पडलं. पुढं कळलं की सुगी नसलेल्या महिन्यांत जिवाणू आणि त्यांना खाणारे अतिसूक्ष्म जीव ह्यांच्या साखळीवर हे प्लवक तग धरतात. पण हे कोडं पडलं कधी? बाराही महिने कुणीतरी जाळं टाकून मोजलं तेव्हा. एकदाच जाऊन एक बाटली भरून आणली असती तर कोडं दिसलंच नसतं.

ही मोजणी काय साधीसुधी नव्हती. १९६० ते १९६५ च्या दरम्यान आंतरराष्ट्रीय हिंदी महासागर मोहीम झाली. अनेक देशांची जहाजं फिरली. सगळ्यांनी एकाच मापाचं जाळं वापरायचं, २०० मीटर खोलीपासून सरळ वर ओढायचं, असं ठरलं. म्हणजे एकानं आणलेला नमुना दुसऱ्याच्या नमुन्याशी ताडून बघता येईल. हे नमुने वेगळे करायचं काम कोचीनला बसून आपल्या लोकांनी केलं. नमुना म्हणजे बरणीभर चिखलट पाणी, त्यातून एकेक जात वेगळी काढायची. त्या मोहिमेतूनच १ जानेवारी १९६६ ला राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था उभी राहिली. ज्या देशात तेव्हा धान्य जहाजातून आणावं लागत होतं, त्या देशानं समुद्रातले किडे मोजायला माणसं बसवली. गुरुजींचा प्रश्न तेव्हाही कुणीतरी विचारलाच असेल.

आज त्या मोजणीचा उपयोग काय? मागच्या काही वर्षांत तुमच्या-आमच्या व्हॉट्सअॅपवर कोकणातल्या निळ्या चमकणाऱ्या लाटांचे व्हिडिओ येतात. आपण 'निसर्गाची किमया' म्हणून पुढं ढकलतो. ती चमक बऱ्याचदा नॉक्टिल्युका नावाच्या प्लवकाची असते. २००० नंतर अरबी समुद्राच्या उत्तर भागात हिवाळ्यात ह्याची मोठमोठी पैदास होऊ लागलीय. पूर्वी तिथं ज्या वनस्पतिप्लवकांचं राज्य होतं, त्यांना हा खातो. आणि ह्याला स्वतःला खाणारे कोण, तर जेलीफिशसारखे जीव, ज्यांचा कोळ्याला काही उपयोग नाही. म्हणजे व्हिडिओत सुंदर दिसणारी ती लाट एखाद्या वर्षी जाळं रिकामं येण्याची आगाऊ सूचनाही असू शकते. आधीचं मोजलेलं होतं म्हणून बदल झालाय हे सांगता आलं. नाहीतर 'पूर्वी मासा लई मिळायचा' एवढंच म्हणत बसलो असतो.

आता या आपल्या गावाकडं.

कळंबला समुद्र नाही, पण मांजरा आहे. पाटोदा तालुक्यात बालाघाटच्या डोंगरात उगम पावते, आपल्या गावाला वळसा घालून धनेगावच्या धरणात साठते. पुढं गोदावरीला मिळून आंध्रात बंगालच्या उपसागराला जाते. म्हणजे आपला ओढाही शेवटी समुद्रालाच जातो, फक्त कोकणच्या उलट्या अंगाला. त्या धरणावर कळंब, केज, अंबाजोगाई आणि लातूरसारखं मोठं शहर पाणी पितं. साठवण साधारण २२४ दलघमी. हा आकडा आपल्याकडं शाळेतल्या पोरालाही पाठ असतो, कारण पावसाळा लागला की रोज पेपरात येतं: मांजरा २० टक्के, मांजरा ४५ टक्के, मांजरा भरलं. मग पेढे.

ते साहजिक आहे. २०१६ ला धरणाचा तळ उघडा पडला होता आणि मिरजेहून लातूरला रेल्वेनं पाणी आणावं लागलं, हे आपण विसरलेलो नाही. २०२१ च्या सप्टेंबरात ह्याच धरणाचे दरवाजे उघडले आणि नदीकाठची शेतं पाण्याखाली गेली, तेही बघितलं. ज्यानं तहान आणि पूर दोन्ही पाहिलंय तो आधी 'किती' हेच विचारणार. पण मंडळी, 'किती' विचारता विचारता 'कसं' हे विचारायचं आपण सोडूनच दिलंय.

आणि 'कसं' हे विचारणं किती महाग पडू शकतं, हे मराठवाड्याला कुणी शिकवायची गरज नाही. घरातल्या जुन्या माणसांना 'नारू' एवढा एकच शब्द विचारून बघा.

माझ्या आईनं सांगितलेलं आठवतं. तिच्या माहेरी शेजारच्या एका म्हाताऱ्याच्या नडगीतून दोऱ्यासारखा जंत बाहेर यायचा. तो काडीला गुंडाळून रोज थोडा थोडा ओढायचा. तुटला तर पाय सुजून माणूस महिनाभर अंथरुणाला. ऐन पेरणीत असं झालं की घरचं वर्ष गेलं. हा जंत माणसात यायचा कसा? पाण्यातून, आणि तोही एका प्राणिप्लवकाच्या पोटातून. सायक्लॉप्स त्याचं नाव, मिलिमीटर-दीड मिलिमीटरचा कोपेपॉड. म्हणजे समुद्रात ज्याच्यावर बांगडा जगतो त्याचाच गोड्या पाण्यातला भाऊबंद. नारू झालेला माणूस पायऱ्यांच्या विहिरीत पाय बुडवून उतरला की जंताच्या अळ्या पाण्यात सुटायच्या. सायक्लॉप्स त्या गिळायचा, आणि तेच पाणी पिणाऱ्याच्या अंगात साधारण वर्षभरानं नवा नारू तयार.

ह्याच्यावर ना गोळी होती ना लस. तरी नारू गेला. १९८३-८४ पासून देशभर कार्यक्रम चालला. महाराष्ट्र धरून सात राज्यांत हा रोग होता. पायऱ्यांच्या विहिरींत उतरणं बंद केलं, हापसे बसवले, पाणी कपड्यातून गाळायला शिकवलं, विहिरीत सायक्लॉप्स मारायचं औषध टाकलं, आणि गावोगाव रुग्ण शोधून नोंदी ठेवल्या. शेवटचा रुग्ण १९९६ ला राजस्थानात सापडला. २००० मध्ये जागतिक आरोग्य संघटनेनं भारत नारूमुक्त झाल्याचं जाहीर केलं. एका बारीक प्लवकाचं जगणं नीट समजून घेतलं म्हणून एवढा मोठा रोग हटला. आईच्या पिढीनं फडक्यानं पाणी गाळायची सवय उगाच लावून घेतली नव्हती.

अशीच गोष्ट बांगलादेशातली. पटकीचे जंतू पाण्यातल्या कोपेपॉडांना चिकटून राहतात, हे रीटा कोलवेल ह्या अमेरिकन शास्त्रज्ञ बाईंनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवलं. मग त्यांनी तिथल्या खेड्यांत बायकांना सांगितलं, जुन्या सुती साडीच्या चार-आठ घड्या करून पाणी गाळा. जंतू कपड्यातून निसटतात, पण ज्याला ते चिकटलेत तो प्लवक अडकतो. २००३ साली छापलेल्या त्या अभ्यासात पटकीचे रुग्ण जवळपास निम्म्यानं घटलेले दिसले. कशानं, तर जुन्या साडीनं. नवी साडी तेवढी चालत नाही, कारण धुऊन धुऊन जुन्या सुताचा पोत भरतो आणि छिद्रं बारीक होतात.

आता मला ठाऊक आहे, खाली कुणीतरी लिहिणारच: "साहेब, नळाला चार-आठ दिवसाआड पाणी येतंय, आणि तुम्ही किडे मोजायला सांगताय?"

प्रश्न रास्त आहे. उडवून लावत नाही. ज्याच्या घरात दोन घागरी शिल्लक आहेत त्याला आधी पाणीच पाहिजे. पण दोन गोष्टी बघा.

पहिली. पाणी सगळ्यात कमी असतं तेव्हाच ते सगळ्यात वाईट असतं. एप्रिल-मे मध्ये धरण आटतं, ऊन तापतं, आणि उसाच्या रानातून, गावांच्या गटारांतून आलेलं खत-घाण थोड्या पाण्यात गोळा होतं. आपल्याकडच्या तळ्यांच्या अभ्यासात बहुतेक वेळा हेच दिसतं की उन्हाळ्यात रोटिफर नावाचे अगदी बारीक जीव एकदम वाढतात, पावसाळ्यात गढूळ पाण्यानं सगळेच कमी होतात, आणि हिवाळ्यात पाणी निवळलं की मोठे, पाणी 'चरणारे' प्लवक पुन्हा दिसू लागतात. डॅफ्निया म्हणजे पाणपिसू त्यातलाच. तो शेवाळ खाऊन पाणी निवळ ठेवायला मदत करतो. हे पाणपिसू एखाद्या वर्षी दिसेनासे झाले आणि निळं-हिरवं शेवाळ पसरू लागलं, तर ती पाण्यानं दिलेली हाक असते. ती ऐकायला कुणीतरी काठावर पाहिजे.

दुसरी. पाण्याची तपासणी होत नाही असं माझं म्हणणं नाही. क्लोरीन बघतात, जंतू बघतात, ते चालूच राहिलं पाहिजे, त्याला पर्याय नाही. कच्च्या पाण्यात प्लवक आहेत म्हणून घाबरायचंही कारण नाही. जिवंत पाण्यात जीव असणारच, आणि गाळून, क्लोरीन टाकून आलेलं पाणी वेगळं. पण बाटलीतली तपासणी त्या घटकेचं सांगते. आज घाण पाणी वाहून गेलं आणि उद्या बाटली भरली, तर सगळं ठीक. प्लवक मात्र आठवडेच्या आठवडे त्याच पाण्यात जन्मतात, मरतात. कुठल्या जाती उरल्या आणि कुठल्या गेल्या ह्यात मागच्या महिनाभराचा हिशोब लिहिलेला असतो. डॉक्टर एकदा ताप बघतो, पण घरची माणसं सांगतात की पोरगं आठ दिवस जेवत नाही. दोन्ही लागतं.

तिसरी गोष्ट आपल्या भोई बांधवांची. धरणात मत्स्यबीज सोडतात, कटला, रोहू, मृगल. त्यातला कटला पाण्याच्या वरच्या थरात राहतो आणि मुख्यतः प्राणिप्लवकच खातो. बाकीच्यांचीही पिल्लं सुरुवातीला ह्याच बारीक जिवांवर जगतात. पाण्यात चारा नसताना बोटुकली सोडली तर ती उपाशी मरणार आणि पैसे पाण्यात. शेतकरी ओल बघून पेरतो. मग मासेमारी संस्थेनं पाणी बघून बीज का सोडू नये? ओल बघायला मातीत हात घालता येतो, इथं मात्र जाळं आणि सूक्ष्मदर्शक लागतो. तो तिच्याजवळ नाही. पण कॉलेजात आहे.

इथं माझा मुद्दा आहे. मराठवाड्यातल्या कॉलेजांत प्राणिशास्त्राचे विभाग आहेत. तळ्यातल्या प्लवकांवर प्रबंध लिहिणारेही आपल्या भागात कमी नाहीत. ते प्रबंध इंग्रजीत लिहिले जातात, पदवी मिळते, आणि कपाटात जातात. ज्या धरणातलं पाणी मोजलं, त्या धरणाचं पाणी पिणाऱ्याला त्यातलं एक अक्षर कळत नाही. ह्यात एकट्या विद्यार्थ्याचा दोष नाही, आपण कधी मागितलंच नाही.

म्हणून मी तीन गोष्टी मागतोय.

एक, मांजरा धरणात दर महिन्याला, ठरलेल्या तीन जागी, एकाच मापाच्या जाळ्यानं नमुना घ्यायचा. भिंतीजवळ, मधे, आणि नदी जिथं धरणात शिरते तिथं. बाराही महिने, आणि वर्ष संपलं की पुन्हा. विद्यार्थी बदलतील, जाळं तेच राहिलं पाहिजे.

दोन, त्याचा निकाल साध्या मराठीत एका पानावर. ह्या महिन्यात काय वाढलं, काय घटलं, मागच्या वर्षी ह्याच महिन्यात काय होतं. हे पान नगर परिषदेच्या, ग्रामपंचायतीच्या आणि मासेमारी संस्थेच्या फलकावर. पाणीसाठ्याच्या टक्क्याशेजारी ही चार ओळींची नोंद यायला काय हरकत आहे?

तीन, धरण केज तालुक्यात, पाणी पिणारे तीन जिल्ह्यांत. बीडनं धाराशिवकडं, धाराशिवनं लातूरकडं बोट दाखवायचा खेळ इथं नको. तीन जिल्ह्यांतली तीन कॉलेजं, आळीपाळीनं चार-चार महिने. एवढं जमायला हरकत नाही.

ह्याला यंत्रणा लागत नाही. बारीक नायलॉनच्या कापडाचं शंकूसारखं जाळं, खाली लहान बाटली, एक होडी, जतन करायला औषध, आणि एका मिलिलिटरची मोजायची काच. भोई बांधव होडी देतील, त्यांना त्यातून त्यांच्याच उपयोगाची माहिती मिळेल.

शेवटी एक सांगतो. पोरीनं सांगितलेलं, माझ्या मनातून जात नाही. रोटिफर आणि पाणपिसू ह्यांच्या काही जाती पाणी आटायला लागलं की जाड कवचाची अंडी घालतात. ती अंडी तळाच्या गाळात पडून राहतात, वाळतात, वर्षानुवर्षं थांबतात, आणि पाणी परत आलं की फुटतात. म्हणजे २०१६ साली आपण धरणाच्या भेगाळलेल्या तळावर उभं राहून 'सगळं संपलं' म्हणत होतो, तेव्हा पायाखाली पुढच्या पावसाची वाट बघत बियाणं पडलेलं होतं. पाणी आल्यावर त्यातलं काय काय परत उगवलं आणि काय कायमचं गेलं? हे सांगायला २०१५ ची नोंद पाहिजे आणि २०१७ ची पाहिजे. पुढचा दुष्काळ येणारच आहे, मराठवाडा आहे हा. त्याच्या आधीची नोंद आत्ताच सुरू करावी लागेल. दुष्काळ पडल्यावर मागं जाऊन मोजता येत नाही.

पोरगी रत्नागिरीला जाणार आहे. जाऊ दे. तिथं शिकू दे, डोळ कशी रोवतात तेही बघू दे. तिनं कबूल केलंय की परत आल्यावर पहिलं जाळं धनेगावला टाकणार. गुरुजींनाही त्या दिवशी होडीत बसायचं आमंत्रण देणार आहे, येताना सुकटीची भाकरी बांधून घेऊ म्हणजे ते नाही म्हणणार नाहीत.

कॉलेजातले कुणी प्राध्यापक, मासेमारी संस्थेचे कुणी सभासद हे वाचत असतील तर बोला, बसू एकदा. पटलं तर पुढं पाठवा. नाही पटलं तर कुठं चुकतंय ते खाली लिहा, वाद घालू. पण ह्या पावसाळ्यात 'मांजरा किती टक्के?' असं विचारताना सोबत एवढंही विचारा: पाणी कसं आहे?